मला काही झालेलं नाही याची खात्री कशी करू?

तुझा प्रश्न दोनदा वाचला. एसवायबीएस्सी, मायक्रोबायोलॉजी, डोंबिवलीहून रोज माटुंग्याला येतेस. जूनमध्ये स्टेशनबाहेर एका पिल्लाने पाय चाटला आणि रेबीजची भीती बसली, ती जरा निवते तोच छातीत धडधड सुरू झाली म्हणून हार्टचं टेन्शन, आणि आता मानेला हाताला एक गाठ लागतेय म्हणून कॅन्सरचं. दोन ईसीजी झाले, टूडी इको झाला, सीबीसी तीनदा झालं, डॉक्टरांनी मान हाताने तपासून काही नाही म्हणून सांगितलं. तरी रात्री दीड-दोनपर्यंत मोबाईलवर लक्षणं शोधतेस, आईला दिवसातून पंधरा-वीस वेळा विचारतेस, ऑक्सिमीटर पेन्सिल पाऊचमध्ये घेऊन फिरतेस, एक इंटर्नल बुडालीय आणि अटेंडन्स कमी पडतोय. आणि शेवटी विचारलंयस, मला खरंच काही नाहीये याची एकदा शंभर टक्के खात्री कशी करून घेऊ, म्हणजे डोकं शांत होईल आणि मी अभ्यासाला लागेन.

मी त्या शेवटच्या वाक्यापासूनच सुरुवात करते कारण सगळी मेख तिथेच आहे. ती शंभर टक्के खात्री तुला कोणी देऊ शकत नाही. मलाही नाही गं कोणी दिलेली. माझं वय पन्नासच्या पुढे आहे, आत्ता माझ्या शरीरात काय चाललंय ते मला पूर्ण माहीत नाही, तुझ्या आईला नाही, तुझ्या वर्गातल्या कोणालाच नाही. फरक एवढाच की त्यांना ते माहीत नसताना जेवण जातं, झोप लागते, प्रॅक्टिकलची जर्नल पूर्ण होते. तुझं मन म्हणतं आधी खात्री, मग बाकी सगळं. त्यामुळे तुझा आजार गाठीत किंवा हार्टमध्ये शोधून सापडणार नाही, खात्री शोधत राहणं हाच तुझा आजार आहे, आणि उपचार करायचा तो त्याचाच. हे ऐकायला कडक वाटेल पण मी खूप मायेने सांगतेय.

याला हेल्थ अँझायटी म्हणतात, आरोग्याची चिंता म्हण हवं तर. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीची अकरावी आवृत्ती २०२२ पासून लागू झाली, त्यात हा आजार ओसीडीच्या, म्हणजे तोच विचार आणि तीच कृती परत परत करायला लावणाऱ्या आजाराच्या, कुटुंबात ठेवलाय, आणि मला ते अगदी पटतं. कारण हात धुणाऱ्या पेशंटचं जसं चालतं तसंच तुझं चालतं बघ. आधी एक विचार टोचतो, ही गाठ कालच्यापेक्षा मोठी तर नाही ना. मग जीव घाबरा होतो. मग तू काहीतरी करतेस, बोटाने दाबून बघतेस, आरशात बघतेस, आईला हात लावायला लावतेस, गुगल करतेस. त्याने दहा मिनिटं, फार तर तासभर बरं वाटतं. आणि त्या बरं वाटण्यातून मेंदू शिकतो की धोका खराच होता, बघितलं म्हणून वाचलो, पुढच्या वेळी अजून लवकर बघायला हवं. म्हणजे प्रत्येक चेकिंग ही पुढच्या भीतीची पेरणी असते. रिपोर्ट नॉर्मल आले की तुला चार दिवस छान जातात आणि पाचव्या दिवशी वाटतं की रिपोर्ट बदलले तर नसतील, लॅबची चूक असेल, तेव्हा नव्हतं पण आता झालं असेल. बरोबर ना? हे चार दिवस पुढे दोनवर येतात, मग अर्ध्या दिवसावर.

यात माझीही एक चूक सांगते. मानसतज्ज्ञ म्हणून प्रॅक्टिसच्या सुरुवातीला मी एका मोठ्या हॉस्पिटलच्या ओपीडीत होते, तिथे तुझ्याच वयाचा एक मुलगा यायचा, दर वेळी फाईल उघडायचा, मी प्रत्येक रिपोर्ट वाचून सांगायचे, हे बघ हे नॉर्मल, हेही नॉर्मल. तो हसत जायचा. मला वाटायचं किती चांगलं काम करतेय मी. सहा महिन्यांत त्याची फाईल दुप्पट जाड झाली आणि तो आठवड्याला तीन फोन करायला लागला. माझ्या सीनियरनी फाईल बंद करून बाजूला ठेवली आणि त्याला विचारलं, आज सकाळी किती वेळा नाडी बघितलीस? त्या दिवशी पहिल्यांदा खऱ्या आजारावर बोलणं झालं. तेव्हापासून मी कोणाला रिपोर्ट वाचून दाखवून दिलासा देत नाही, आणि तुलाही इथे देणार नाहीये, तुझ्या गाठीवर माझं मत तू मागितलंयस तरी.

आता तुला जे होतं ते खोटं आहे असं मात्र मी अजिबात म्हणत नाहीये. लोक म्हणतात ना, तुझ्या मनाचे खेळ आहेत, ते मला अजिबात आवडत नाही. धडधड खरी असते. भीती वाटली की अ‍ॅड्रेनलिन सुटतं, ठोके वाढतात, श्वास भराभर होतो, त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि मग बोटांना मुंग्या, ओठ बधिर, डोकं हलकं, चक्कर आल्यासारखं, सगळं होतं. मग ऑक्सिमीटर लावलास की पल्स ११८ दिसते आणि ती बघूनच १२५ होते. लोकलमध्ये कुर्ला-सायनच्या मधे गाडी पाच मिनिटं उभी राहिली की हेच होतं, आधीच गर्दी, उकाडा, त्यात तू स्वतःची नाडी मोजत उभी. डोळ्याची पापणी फडफडणं हे जागरण आणि चहा-कॉफीने होतं. आणि गाठीचं तर असं आहे की तुझ्या वयात, त्यातून अंगाने बारीक असेल तर, मानेतल्या एखाद-दोन छोट्या लसिकाग्रंथी, म्हणजे लिम्फ नोड, हाताला लागणं अगदी कॉमन आहे, पण दिवसातून तीस-चाळीस वेळा कचाकचा दाबलं तर ती जागा दुखायला लागणारच, हुळहुळी होणारच, आणि मग तू म्हणणार आता तर दुखायला पण लागलं. माझ्याकडे एक मुलगी यायची तिच्या जबड्याखाली लाल चट्टाच पडला होता, दोन बोटं रोज एकाच जागी. तिने पंधरा दिवस हात लावायचा बंद केला आणि चट्टा गेला.

रेबीजबद्दल एकदाच लिहिते, कारण आपल्याकडे ही भीती मी फार बघते आणि त्यात धोका खरा असल्यामुळे मुलं जास्त अडकतात. नियम साधा आहे. कातडी अखंड असेल आणि कुत्र्याने नुसतं चाटलं किंवा अंगाला लागलं तर जागा धुवायची, लस लागत नाही. खरवडलं असेल पण रक्त आलं नसेल, तर लस. चाव्याने किंवा ओरखड्याने कातडी फाटली किंवा जखमेवर चाटलं तर लस आणि सोबत जखमेत इम्युनोग्लोब्युलिन, आणि अर्थातच साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुणं. तू लिहिलंयस की पायाला जखम नव्हती आणि डॉक्टरांनी त्याच दिवशी बघून सांगितलं गरज नाही. विषय तिथे संपला. पण तुझं मन विचारतं की दिसणार नाही इतका बारीक ओरखडा असला तर, किंवा पिल्लू ज्या लादीवर बसलं होतं तिथे मी बॅग ठेवली होती ती? हे असले तर-मगवाले प्रश्न कधीच संपत नाहीत, आणि त्यांची उत्तरं शोधायची नाहीत, हेच ट्रीटमेंटमध्ये शिकायचं असतं.

मग करायचं काय. या पद्धतीला एक्स्पोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन म्हणतात, तिची मुळं १९६६ मध्ये लंडनच्या मिडलसेक्स हॉस्पिटलमधल्या व्हिक्टर मेयर यांच्या कामात आहेत, आणि आरोग्याच्या चिंतेसाठी पॉल साल्कोव्हस्किस आणि हिलरी वॉरविक यांनी १९८६ च्या सुमाराला हे चक्र नीट मांडलं. सोप्या भाषेत म्हणजे भीती येऊ द्यायची आणि ती घालवायला जे करतेस ते करायचं नाही.

सगळं एका दिवसात बंद करायला जाऊ नकोस, उद्या सकाळी शपथ घेशील आणि संध्याकाळी मोडशील आणि मग स्वतःवर चिडशील. आधी तीन दिवस फक्त मोजायचं. छोटी वही घे, मोबाईलमध्ये नको कारण मोबाईल उघडला की गुगल उघडतं, आणि प्रत्येक वेळी गाठ चाचपलीस, नाडी बघितलीस, आईला विचारलंस की एक रेघ मार. बहुतेकांना आकडा बघून धक्का बसतो. मग ऑक्सिमीटर. तो दप्तरातून बाहेर काढून मावशीच्या घरी नाहीतर शेजाऱ्यांकडे देऊन टाक, कपाटात ठेवू नकोस, कपाट उघडायला काही वेळ लागत नाही. त्यानंतर उशीर करायला शीक. गाठ दाबायची इच्छा झाली की वहीत वेळ लिही, समजा ११.२०, आणि ठरव की ११.३५ ला वाटलं तर बघेन. पहिले सात-आठ मिनिटं जीव टांगणीला लागेल, हाताची बोटं आपोआप मानेकडे जातील, लायब्ररीत बसली असशील तर दोन्ही हात टेबलावर ठेव, पेन धर. बऱ्याचदा ११.३५ पर्यंत तू पुढच्या पानावर असशील. नसलीस तर अजून पंधरा मिनिटं. इथे मुली मला विचारतात की ताई, भीती गेली नाही तर? नाही गेली तरी चालेल. आपल्याला भीती शून्यावर आणायची नाहीये, भीती असताना न बघता राहता येतं हे मेंदूला दाखवायचंय.

गुगलचं आणि हल्ली त्या एआय चॅटचं पण तेच. चॅटला विचारणं जास्त अडकवतं असं माझं मत आहे कारण ते दमत नाही, चिडत नाही, रात्री दोनलाही तितक्याच गोड भाषेत उत्तर देतं, आणि तू तोच प्रश्न शब्द बदलून पंचवीसदा विचारू शकतेस. साडेदहानंतर फोन आईच्या खोलीत चार्जिंगला लाव. घर लहान असेल तर किचनच्या ओट्यावर.

आईबद्दल जरा सविस्तर सांगते. आई "काही नाही होत गं तुला" म्हणते ते प्रेमापोटीच, पण ते तुझ्यासाठी दर तासाला घेतलेल्या गोळीसारखं झालंय, आणि आईही थकली असणार. तिला शांत वेळी, रात्री भीतीच्या भरात नाही, बसवून सांग की माझ्या ट्रीटमेंटचा हा भाग आहे, मी विचारलं की तू असं म्हणायचं, "मला कळतंय तुला भीती वाटतेय, पण याचं उत्तर मी देणार नाही, चल भाजी निवडू." तेवढंच. रागावून नाही, टोमणा मारून नाही. आणि आईने पहिल्यांदा असं केलं की तुला तिचा भयंकर राग येईल, वाटेल हिला माझी काळजीच नाही, ते दोन दिवस दोघींनीही धरून ठेवायचे. बाबा, मैत्रीण, डॉक्टर होणारी बहीण, जिला जिला विचारतेस त्या सगळ्यांना हेच सांग, नाहीतर आईकडून बंद झालेला नळ दुसरीकडे सुरू होतो.

दुसरा अर्धा भाग म्हणजे जे टाळतेस ते परत करणं. तू लिहिलंयस की हार्टच्या भीतीने जिना चढत नाहीस, सरकत्या जिन्यानेच जातेस, डान्सची प्रॅक्टिस सोडलीस, आणि एखाद्या आजाराचं युनिट आलं की पुस्तक मिटतेस. इको नॉर्मल आहे, डॉक्टरांनी व्यायामाला ना केलेली नाही, तर दादरच्या पुलाचा जिना मुद्दाम भराभर चढ, वर पोचल्यावर नाडी न बघता सरळ चालत राहा. ठोके वाढतील, वाढायलाच हवेत. रोज. आठवडाभरात धडधड म्हणजे संकट हे समीकरण ढिलं व्हायला लागतं. गाठीसाठी मी एक लिहायचा व्यायाम देते तो आधी ऐकून मुली घाबरतात. एका कागदावर लिहायचं, "मला कॅन्सर असू शकतो किंवा नसू शकतो, मला ते पूर्ण कधीच कळणार नाही, आणि मी आज तरीही बारा वाजताच्या लेक्चरला जाणार आहे." रोज दहा मिनिटं हे वाचायचं, मोठ्याने, पुढे "पण नसेलच" असं जोडायचं नाही. पहिल्या दिवशी रडू येतं. दहाव्या-बाराव्या दिवशी कंटाळा येतो, आणि मला तो कंटाळाच हवा असतो. हा व्यायाम मात्र कोणी तज्ज्ञ सोबत असताना सुरू केलास तर बरं, एकटीने एकदम यावर उडी मारू नकोस.

अभ्यासाचं आता. डोकं शांत झालं की अभ्यास करेन हे डोक्यातून काढून टाक, क्रम उलटा आहे, अभ्यासाला बसत गेलीस की डोकं हळूहळू मागे येतं. पण तीन तासांचं टाइमटेबल करू नकोस. वीस मिनिटं बस, समोर कोरा कागद ठेव, आजाराचा विचार आला की कागदावर एक शब्द लिही, "गाठ", आणि परत ओळीवर ये. विचार हाकलायचा प्रयत्न करू नकोस, पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका सांगितलं की लोकांना अस्वलच आठवत राहतं, हे १९८७ मध्ये डॅनियल वेगनर यांनी प्रयोगात दाखवलंय. तुझा विषय असा आहे की पानोपानी आजार भेटतात, मेडिकलच्या मुलांमध्ये तर शिकत असलेला आजार आपल्यालाच झालाय असं वाटणं इतकं जुनं आहे की त्याला वेगळं नाव आहे. रॅब्डोव्हायरसचं, म्हणजे रेबीजचा विषाणू ज्या गटात येतो त्याचं, पान वगळू नकोस. ते पान परीक्षेतही येतं आणि तुझं एक्स्पोजरही तेच आहे, एका दगडात दोन पक्षी. बुडालेल्या इंटर्नलचं आणि अटेंडन्सचं क्लास टीचरशी आत्ताच बोल, सेमिस्टरच्या शेवटी नको, डॉक्टरांचं किंवा समुपदेशकाचं पत्र नेलंस तर बोलणं सोपं जातं. एखादा विषय एटीकेटीला गेला तरी आभाळ कोसळत नाही, माझ्याकडच्या कितीतरी मुली केटी काढून आज छान नोकरी करतायत.

डॉक्टरकडे कधीच जायचं नाही असं नाही हं. मुंबईत राहतो आपण, इथे टीबी आहे, पावसाळ्यात मलेरिया, डेंग्यू, लेप्टो आहे. खोकला दोन आठवड्यांपेक्षा जास्त राहिला, पावसाळ्यात ताप आला, साचलेल्या पाण्यातून चालत आलीस आणि पायाला जखम होती, वजन कारण नसताना उतरतंय, कुठून रक्त जातंय, जिना चढताना छातीत दाबल्यासारखं दुखून बसावं लागतंय, खरोखर बेशुद्ध पडलीस, गाठ कडक होऊन वाढत चाललीय असं डॉक्टरांना जाणवलं, तर जायचंच, लगेच. मी मुलींना एक कसोटी देते, तुझ्या वर्गातली अगदी बिनधास्त मैत्रीण या गोष्टीसाठी डॉक्टरकडे गेली असती का? गेली असती तर जा. आणि डॉक्टर एकच ठेव, फॅमिली डॉक्टर, त्यांना या चिंतेबद्दल मोकळेपणाने सांग, टेस्ट त्यांनी सांगितली तरच करायची, स्वतःहून पॅकेज बुक करायचं नाही. गाठ परत कधी बघायची ते त्यांनाच ठरवू दे, सहा आठवड्यांनी म्हणाले तर सहा आठवड्यांनी, मधे तुझा हात बंद.

हे सगळं एकटीने झेपेल असं मला वाटत नाही, आणि झेपायलाच हवं असंही नाही. सीबीटी, म्हणजे विचार आणि वागणं बदलण्यावर काम करणारी थेरपी, येणारा मानसतज्ज्ञ शोध, पहिल्याच भेटीत विचार की तुम्ही एक्स्पोजरवर काम करता का, नुसतं बोलून मन मोकळं करणं या आजाराला पुरत नाही. इंग्लंडमध्ये ४४४ पेशंटवर झालेल्या मोठ्या अभ्यासात, जो लॅन्सेटमध्ये आला, साधारण पाच ते दहा सेशनमध्ये फरक पडला आणि दोन वर्षांनंतरही टिकला, आणि थेरपी देणाऱ्यांमध्ये ट्रेनिंग घेतलेल्या नर्सेसही होत्या. खर्चाचं टेन्शन असेल तर केईएम, सायन, नायर, कूपर या पालिकेच्या हॉस्पिटलांत मानसोपचार ओपीडी आहे, तुला कॉलेजवरून सायन नाहीतर केईएम जवळ पडेल, सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढायचा, रांग असते, पुस्तक घेऊन जा. कॉलेजला काउन्सेलर असेल तर तिथून सुरुवात कर. टेलिमानस हा सरकारी नंबर आहे, १४४१६, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलतात, पण तो गाठीबद्दल विचारायला वापरू नकोस, जीव नकोसा झाला, स्वतःला काही करून घ्यावंसं वाटलं तर लगेच लाव. घरी किंवा कॉलेजात कळेल याची भीती असेल तर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने तुझ्या उपचाराची माहिती गोपनीय ठेवायचा हक्क तुला दिलाय.

गोळ्यांबद्दल विचारलंयस. मी डॉक्टर नाही, गोळ्या मानसोपचारतज्ज्ञ देतात, पण झोप, जेवण, कॉलेज सगळंच कोलमडलं असेल तर त्या घ्यायला लाजू नकोस. एसएसआरआय गटातल्या, म्हणजे नैराश्य आणि चिंतेवर देतात त्या असतात, सवय लागणाऱ्या नाहीत, चार-सहा आठवड्यांनी गुण दिसायला लागतो, या ओसीडीसारख्या प्रकारात कधी दहा-बारा आठवडेही लागतात. पहिल्या आठवड्यात मळमळ, जरा जास्त अस्वस्थ वाटणं होऊ शकतं, तुझ्या वयात सुरुवातीला मन जास्त काळवंडतंय असं वाटलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना सांगायचं, आणि मनाने एकदम बंद करायच्या नाहीत. गोळीच्या खोक्यातला साइड इफेक्टचा कागद मात्र आईला आधीच काढून ठेवायला सांग, जे विचारायचं ते डॉक्टरांना समोर बसून एकदा विचार. आणि मेडिकलवरून कोणाच्या सांगण्यावरून घबराटीची गोळी आणून खात बसू नकोस, त्या वेगळ्या, त्यांची सवय लागते.

मधे एखादा आठवडा सगळं परत उसळेल, परीक्षेच्या आधी, पाळीच्या आधी, टीव्हीवर कोणा तरुणाच्या हार्ट अटॅकची बातमी आली की. रेघा परत वीसवर जातील. तेव्हा वही फेकू नकोस, त्या दिवशीच्या वीस रेघा मांड आणि दुसऱ्या दिवशी अठरावर आणायच्या बघ.

आता सोमवारपासून तीन दिवस फक्त मोज, बाकी काही बदलू नकोस, आणि गुरुवारी ऑक्सिमीटर मावशीकडे पोचव. पत्राचा आईबद्दलचा भाग तिला वाचून दाखव, तिला म्हणावं ते भाजीचं वाक्य एका चिठ्ठीवर लिहून फ्रिजला लाव.